बाळाच्या कातडीतली गाठ: रिपोर्ट आला, मग नाव का नाही आलं?

दीड वर्षाच्या मुलाच्या पाठीवर, फऱ्याच्या खाली, रुपयाएवढा टणक चट्टा आहे. जन्मतः होता की नंतर उठला, यावर आई आणि आजीचं एकमत नाही. आजीच्या मते ते लासं आहे, वयाबरोबर जाईल. शेजारणीने चुना लावायला सांगितलंय. गावातल्या डॉक्टरांना आधी चरबीची गाठ वाटली, पण चरबीच्या मानाने फारच टणक लागली म्हणून त्यांनी मिरजेला पाठवलं. इथे तुकडा काढला, तपासायला गेला आणि काही दिवसांनी बापाच्या हातात कागद पडला: ‘स्पिंडल सेल लीजन ऑफ डर्मिस. ॲडव्हाइज्ड आयएचसी. कोरिलेट क्लिनिकली.’

बाप ते शब्द मोबाइलवर टाकून शोधतो. तिसऱ्या-चौथ्या ओळीत ‘सार्कोमा’ दिसतं आणि त्या रात्री घरात कोणाच्या घशाखाली घास उतरत नाही.

असे कागद लिहिणाऱ्यांपैकी मी एक. मी मिरजेत पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे काढलेला तुकडा काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघणारी डॉक्टर. पेशंटला आमचं तोंड सहसा दिसत नाही, कागद तेवढा दिसतो, आणि तो अंग राखून लिहिलेला वाटतो हे मला ठाऊक आहे. ‘एवढे पैसे घेतले आणि साधं नाव सांगता येईना?’ हा प्रश्न रास्त आहे. पण लहान मुलांच्या कातडीतल्या या विशिष्ट गाठींचं नाव एकट्या काचेवरून ठरत नाही. मुलाचं वय, गाठीची जागा, तिची खोली आणि कधी कधी घरातल्या इतरांची कातडी, एवढं सगळं टेबलावर आलं की मग नाव सुचतं. ते नाव पुढे मुलाला चाळिशीतसुद्धा उपयोगी पडू शकतं. कसं, ते पुढे येईल.

कातडीच्या आत काय भरलेलं असतं?

कातडीचा वरचा थर पातळ असतो. खरचटतं, उन्हाने काळवंडतं, शिबं उठतं ते बहुतेक तिथेच. त्याच्या खालचा जाड थर म्हणजे डर्मिस, आणि त्याच्याही खाली चरबी. डर्मिसला ताकद देणाऱ्या जाळ्याला शाळेच्या पुस्तकात ‘संयोजी ऊती’ म्हटलेलं असतं. त्यात दोन प्रकारचे धागे असतात. कोलॅजेनचे जाड धागे ताण सोसतात आणि इलॅस्टिनचे बारीक धागे ओढलेली कातडी परत जागेवर आणतात. कातडीतलं पाणी वगळून वजन केलं, तर सुमारे ७० टक्के वजन एकट्या कोलॅजेनचं भरतं. हे धागे तयार करणाऱ्या पेशी म्हणजे फायब्रोब्लास्ट.

आता यात बिघाड दोन तऱ्हांनी होतो. एका प्रकारात पेशी वाढत नाहीत, पण त्या भागात धागे गरजेपेक्षा जास्त किंवा वेडेवाकडे बनलेले असतात. अशी गाठ बहुधा संथ असते, मुलाबरोबर वाढते आणि कुणाला त्रास देत नाही. दुसऱ्या प्रकारात पेशीच वाढतात. त्यातही काही वाढून थांबतात, काही आपोआप विरतात, आणि फार थोड्या आजूबाजूला शिरत जातात.

सगळा घोळ या दुसऱ्या प्रकारात आहे. फायब्रोब्लास्टच्या कुळातली पेशी मायक्रोस्कोपखाली लांबट दिसते, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती. हिलाच रिपोर्टात ‘स्पिंडल सेल’ म्हणतात. जखमेच्या वणातली पेशी अशीच दिसते, निरुपद्रवी गाठीतली अशीच, आणि सार्कोमातलीही अशीच. सार्कोमा म्हणजे संयोजी ऊती, स्नायू, हाड यांतून उगवणारा कॅन्सर. म्हणजे ‘स्पिंडल सेल’ हे पेशीच्या आकाराचं वर्णन झालं. त्यावरून ती साधी की वाईट हे कळत नाही. मोबाइलवर नेमकी हीच गोष्ट हरवते.

निम्मं उत्तर वय आणि जागेत असतं

माझ्या टेबलावर तुकडा येतो तो झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत, फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा कुजू न देणाऱ्या द्रावणात बुडालेला, तांदळाच्या एक-दोन दाण्यांएवढा. सोबत एक फॉर्म असतो. त्यावर अनेकदा एवढंच: ‘स्किन स्वेलिंग, क्वेरी फायब्रोमा’. वयाचा रकाना रिकामा. जागा ‘बॅक’. पाठ केवढी मोठी असते! डबीवर चिकटवलेली पट्टी फॉर्मॅलिनने ओली होऊन त्यावरचं नावही पुसट झालेलं असतं. मग मी फोन करत बसते.

तक्रार एवढ्यासाठी, की वय आणि जागा नीट कळली तर काच बघायच्या आधीच यादी निम्मी होते.

सहा महिन्यांच्या मुलाच्या काखेत किंवा दंडावर कातडीखालच्या चरबीत जरा वेडीवाकडी गाठ असेल, तर ‘फायब्रस हॅमार्टोमा ऑफ इन्फन्सी’ हे नाव आधी डोक्यात येतं. ही बहुतेक पहिल्या दोन वर्षांत दिसते आणि मुलींपेक्षा मुलांत जास्त. काचेवर चरबी, धाग्यांचे पट्टे आणि कच्च्या पेशींचे पुंजके अशा तीन गोष्टी एकमेकांत मिसळलेल्या दिसल्या की विषय संपला. ही साधी गाठ आहे. पण सुईने नुसत्या चार पेशी ओढून पाहिल्या, तर त्या कच्च्या पेशी बघून कोणीही दचकेल.

बोटाच्या पेराला, नखाच्या मागच्या बाजूला गुलाबी, गुळगुळीत, टणक उंचवटा असेल आणि हाताचा अंगठा व पायाचा अंगठा सुटलेले असतील, तर ‘इन्फन्टाइल डिजिटल फायब्रोमा’. १९६५ साली राय नावाच्या डॉक्टरांनी हिचं वर्णन केलं. पेशींच्या आत लालसर गोल ठिपके दिसतात, तेवढी एक खूण पुरते. ही गाठ कापली की पुष्कळदा पुन्हा येते, आणि तशीच ठेवली तर काही वर्षांत बऱ्याचदा स्वतःहून विरते. बोट वाकडं होत नसेल, सांधा अडत नसेल, तर सुरीपेक्षा कॅलेंडर बरं.

तान्ह्या बाळांच्या या कुळातली सगळ्यात जास्त दिसणारी गाठ मायोफायब्रोमा. एकटीच असेल तर चिंता कमी. अंगभर अनेक असतील, तर मात्र पोट, छाती आणि हाडं तपासावी लागतात. कातडी, स्नायू आणि हाडांपुरत्या असलेल्या गाठी वर्ष-दोन वर्षांत विरण्याची शक्यता चांगली. फुप्फुसात किंवा आतड्यात असतील, तर प्रकरण गंभीर. त्यामुळे एका गाठीसाठी आलेल्या बाळाचे सगळे कपडे काढून, टाळूपासून तळव्यापर्यंत हात फिरवून बघणं ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी तपासणी आहे.

आणि मग ते नाव, ज्याने बाप झोपला नाही: डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबरन्स. आपण त्याला डीएफएसपी म्हणू. तरुण आणि मध्यमवयीन माणसांत ते जास्त दिसतं, पण मुलांत, अगदी जन्मतःसुद्धा असू शकतं. मुलांत ते फुगीर गाठीसारखं न दिसता सपाट, किंचित खोलगट, लालसर-निळसर चट्ट्यासारखं दिसतं आणि म्हणूनच वर्षानुवर्षं ‘लासं’ म्हणून खपतं. दूर पसरण्याचं प्रमाण ५ टक्क्यांहून कमी आहे. खोड अशी, की पेशी चरबीत बोटं पसरत जातात आणि वरवर कापलं की परत येते.

नळी किती खोल गेली?

सांगलीच्या मार्केट यार्डात शाळवाच्या थप्पीतून माल पारखताना व्यापारी पोत्यात टोकदार पोकळ नळी खुपसतो आणि नळीत आलेले दाणे तळहातावर घेऊन बघतो. नळी तोंडापाशीच टोचली तर वरचा निवडलेला माल हाती लागतो. खाली किडकं आहे की खडे आहेत ते पोटात नळी गेल्याशिवाय कळत नाही. कातडीचा तुकडा काढायलाही अशीच गोल पोकळ सुरी असते, पंच. साधारण ४ मिलिमीटर व्यासाची. ती चरबीपर्यंत गेली का, हाच प्रश्न.

डीएफएसपीची ओळख चरबीत पटते. तिथे पेशी चरबीच्या कणांना वेढत, मधाच्या पोळ्याची नक्षी करत जातात. तुकड्यात चरबीच नसेल, तर मला दिसतात फक्त डर्मिसमधल्या लांबट पेशी, आणि मी लिहिते तेच: ‘स्पिंडल सेल लीजन’. नाइलाज असतो. म्हणून संशय असेल तर पंचपेक्षा छोट्या चिऱ्याने, चरबीसकट काढलेला निमुळता तुकडा जास्त बोलतो.

दुसरी अडचण उलट बाजूची. धागे वाढलेल्या पण पेशी न वाढलेल्या गाठीला कनेक्टिव टिश्यू नीव्हस म्हणतात. नीव्हस म्हणजे जन्मखूण. तिचा तुकडा काचेवर जवळपास निरोगी कातडीसारखाच दिसतो. कोलॅजेन थोडं जास्त, पण कशाच्या मानाने जास्त? पाठीची कातडी मुळातच जाड असते. चट्ट्याचा कडेचा भाग आणि त्याला लागूनची निरोगी कातडी एकाच तुकड्यात आली, तर फरक डोळ्याला पटतो. शिवाय ‘कनेक्टिव टिश्यू नीव्हसचा संशय’ असं फॉर्मवर लिहिलेलं असेल, तर मी धाग्यांचे खास रंग लावते. एका रंगात कोलॅजेन निळं उठून दिसतं, दुसऱ्यात इलॅस्टिन काळं. लिहिलेलं नसेल, तर ‘नॉर्मल स्किन’ असा रिपोर्ट जाण्याची भीती असते. आईला हाताला लागतो तो चट्टा, आणि कागद म्हणतो काहीच नाही!

सुईने पाणी काढतात तशी तपासणी, म्हणजे एफएनएसी, तिने इथे सहसा भागत नाही. पेशी धाग्यांत घट्ट अडकलेल्या असतात, सुईत येतच नाहीत, आणि आल्या तरी त्यांची मांडणी मोडलेली असते.

‘सीडी ३४ पॉझिटिव्ह’ आलंय, म्हणजे कॅन्सरच ना?

आयएचसी म्हणजे पेशीवरची ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणारी तपासणी. तुकडा मेणात बसवून केलेल्या ब्लॉकमधून साधारण ४ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजारातल्या चार भागांएवढा पातळ काप घेतात आणि त्यावर प्रथिनाला नेमकं जाऊन चिकटणारं द्रव्य सोडतात. रंग आला तर पॉझिटिव्ह. सीडी ३४ हे असंच एक प्रथिन. डीएफएसपीत ते बहुतेक वेळा ठळक येतं, म्हणून मोबाइलवर दोन्ही नावं जोडीने सापडतात.

पण सीडी ३४ रक्तवाहिन्यांच्या अस्तरातही असतं, आणि मुलांच्या काही अगदी निरुपद्रवी चट्ट्यांतही. डीएफएसपीचं वर्णन दारिए आणि फेरां यांनी १९२४ मध्ये केलं. त्याच्याशी हुबेहूब मिळणारा, जन्मतः मानेखाली किंवा छातीवर दिसणारा सुरकुतलेला गोल चट्टा वेगळा आणि साधा आहे, हे पुस्तकांत आलं २००४ मध्ये. त्याचं नाव मेडॅलियन-लाइक डर्मल डेंड्रोसाइट हॅमार्टोमा, ते लक्षात ठेवायची गरज नाही. फायब्रोब्लास्टिक कनेक्टिव टिश्यू नीव्हस हा आणखी एक साधा प्रकार, तोही सीडी ३४ घेऊ शकतो, २०१२ मध्ये वेगळा काढला गेला. म्हणजे जवळपास ऐंशी वर्षं अशा चट्ट्यांसाठी वाईटच नाव हाताशी होतं. त्या काळात काही मुलांच्या पाठीवर गरज नसताना मोठे चिरे पडले असतील, असं मला वाटतं.

मग दोघांतला फरक कसा ओळखायचा? इथे जनुकं निकाल देतात. डीएफएसपीच्या पेशीत १७ आणि २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांना जोडले गेलेले असतात. सतराव्यावर कोलॅजेन बनवणारं जनुक आहे, फायब्रोब्लास्टमध्ये ते कायम चालू. बाविसाव्यावर पेशींना वाढायला सांगणाऱ्या प्रथिनाचं जनुक आहे, ते एरवी गरजेपुरतं चालतं. जोड झाली की दुसरं जनुक पहिल्याच्या हुकमाखाली येतं, आणि पेशी स्वतःलाच रात्रंदिवस ‘वाढ’ सांगत राहते. ही जोड फिश नावाच्या तपासणीत चमकत्या ठिपक्यांनी दिसते. ती आढळली तर डीएफएसपी, बाकी चित्र साध्या चट्ट्याचं असून ती नसेल तर बहुधा साधा चट्टा. याच जोडीमुळे इमॅटिनिब हे औषध काही रुग्णांत लागू पडतं, कारण ते वाढीचा निरोप घेणारं दार अडवतं.

एक गोष्ट डॉक्टर मित्रांसाठी. ही जनुकं वाचायची असतील, तर तुकडा बफर केलेल्या १० टक्के फॉर्मॅलिनमध्येच, तुकड्याच्या दहापट द्रावणात यायला हवा. सलाइनमध्ये पाठवलेला तुकडा वाटेतच कुजायला लागतो, आणि एप्रिलमध्ये जतहून मिरजेपर्यंतच्या एसटीत तर विचारूच नका.

‘सरळ काढूनच टाका ना, कटकट मिटेल’

हा सल्ला मी सासऱ्यांच्या, मामांच्या, कधी कधी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकते. मोठ्या माणसाच्या चरबीच्या गाठीला तो चालतो. इथे तीन कारणांनी चालत नाही. डिजिटल फायब्रोमासारखी गाठ कापल्यावर परत येते आणि बोटाला नाहक वण राहतो. मायोफायब्रोमा वाट बघितली तर विरते. आणि डीएफएसपी असेल तर अगदी उलटी गत: कडेकडेने ‘सोलून’ काढली की उरलेल्या पेशी वणात मिसळतात, मग दुसरं ऑपरेशन पहिल्याच्या दुप्पट होतं. नीट ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये सगळ्या कडा तपासून, मोकळ्या असल्याची खात्री करून मग जखम शिवतात. नाव आधी कळलं तर कुठे थांबायचं आणि कुठे खोल जायचं हे सर्जनला कळतं.

‘तुकडा काढला की पसरते’

सुरी लागली की गाठ चवताळते, हा समज आपल्याकडे पक्का आहे. याचं एक कारण सरळ आहे: पूर्वी लोक फार उशिरा यायचे. तोवर रोग पसरलेला असायचा, आणि तुकडा काढल्यानंतर माणूस खालावला की दोष सुरीवर जायचा. कातडीवरच्या अशा गाठीचा नीट काढलेला तुकडा ती पसरवत नाही. काळजी एवढीच घ्यायची की चिरा पुढच्या ऑपरेशनच्या रेषेत असावा, म्हणजे तो भागही नंतर काढता येतो. हातापायावर चिरा आडवा न घेता उभा घेतात तो यासाठीच.

‘एवढ्याशा पोराला भूल?’ हीही भीती असते. पंचसाठी बहुधा जागेवरचं सुन्न करणारं इंजेक्शन पुरतं, आई धरून बसते आणि एक-दोन टाके पडतात. मोठा तुकडा घ्यायचा तर भूलतज्ज्ञ लागतो. सुन्न करणारं मलम घरी आणून आपल्या मनाने लावू नका, तान्ह्या बाळात त्याचं प्रमाण चुकलं तर रक्तातल्या ऑक्सिजनवर परिणाम होतो. आणि चुना, घोड्याचा केस, दोरा बांधणं हे तर नकोच. चुन्याने भाजलेल्या कातडीचा तुकडा माझ्याकडे येतो तेव्हा त्यात जळल्याच्या खुणा इतक्या असतात की मूळ काय होतं ते शोधायला खोदकाम करावं लागतं.

चट्टा कातडीवर, धागा दुसरीकडे

आता घरातल्या इतरांची कातडी का बघायची, ते.

कमरेच्या वर, पाठीच्या खालच्या भागात कातडीच्याच रंगाचा, जरा उठावाचा, छिद्रं ठळक दिसणारा खडबडीत चट्टा असेल, तर तो शॅग्रीन पॅच असू शकतो. हाही कनेक्टिव टिश्यू नीव्हसच. पण तो ट्युबरस स्क्लेरोसिस या आजाराच्या मुख्य खुणांपैकी एक आहे. या आजारात मेंदू, मूत्रपिंड आणि हृदयातही गाठी येतात. कारण टीएससी १ किंवा टीएससी २ या जनुकांतला दोष. कातडीवर आधी दिसतात ते पानाच्या आकाराचे फिकट डाग. तीन किंवा जास्त आणि प्रत्येकी किमान ५ मिलिमीटरचे असतील, तर तीही मुख्य खूण धरतात. आपल्याकडे पांढुरका डाग दिसला की ‘जंत झालेत’ किंवा ‘कॅल्शियम कमी आहे’ म्हणून विषय संपतो. मुलाला झटके येत असतील, किंवा सहा महिन्यांचं बाळ झोपेतून उठताना एकामागून एक पुढे दुमडत दचकत असेल आणि अंगावर असे डाग असतील, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठा. तो दचकण्याचा प्रकार विशिष्ट जातीचे झटके असतात. उपचारात गेलेला प्रत्येक आठवडा मेंदूच्या वाढीला महागात पडतो. इथे कातडीचा चट्टा दुय्यम आहे, पण तोच पहिला दिसतो.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं, कारण त्यात बाप शर्ट काढतो आणि निदान होतं. मुलाच्या अंगावर पिवळसर, टणक, एकमेकांना चिकटलेले छोटे उंचवटे आहेत, आणि बापाच्या किंवा आजीच्या पाठीवरही तसेच आहेत, फक्त कोणी कधी विचारलं नाही. तेव्हा हाताचा आणि कमरेचा एक्स-रे काढतात. हाडांत पांढरे ठिपके दिसले तर बुश्के-ओलेनडॉर्फ सिंड्रोम, म्हणजे एलईएमडी ३ या जनुकातला दोष. वर्णन १९२८ चं, जनुक सापडलं २००४ मध्ये. हाडांतल्या त्या ठिपक्यांनी सहसा काही होत नाही. मग नाव कशाला हवं? कारण हेच मूल चाळिशीला पोचल्यावर दुसऱ्याच कुठल्या कारणाने कोणी एक्स-रे काढेल, हाडांत ठिपके बघेल आणि ‘कॅन्सर हाडांत पसरला’ म्हणेल. फाइलीत हे नाव असेल, तर पुढचे सगळे स्कॅन, तुकडे आणि रात्रीची जागरणं वाचतात.

तिसरा आजार दुर्मिळ आणि कठीण. बाळाचे सांधे सरळ होत नाहीत, हात लावला की रडतं, हिरड्या सुजून दातांवर येतात, आणि कानांमागे, टाळूवर, नाकाभोवती गाठी येतात. हायलाइन फायब्रोमॅटोसिस. एएनटीएक्सआर २ या जनुकाची सदोष प्रत आई आणि बाप दोघांकडून आली तरच तो होतो. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न काही घरांत अजून रीत म्हणून होतं, आणि नात्यात लग्न झालं की दोघांकडे तीच सदोष प्रत असण्याची शक्यता वाढते. दोघांकडेही ती प्रत असेल, तर त्या जोडप्याच्या प्रत्येक गर्भारपणात धोका २५ टक्के. इथे निदानाचा उपयोग पुढच्या बाळासाठी असतो, आणि सुनेला ‘हिच्यात काहीतरी आहे’ असं म्हणणाऱ्या घराला उत्तर म्हणूनही: दोष अर्धा-अर्धा दोन्हीकडून आलेला असतो.

वाट कधी बघायची नाही?

नवजात बाळाची गाठ आठवड्या-आठवड्याला फुगत असेल, ताणून चकचकीत, लाल-निळी होत असेल, फुटून रक्त येत असेल, तर पुढच्या महिन्याची तारीख घेऊ नका. ती रक्तवाहिन्यांची साधी गाठ असू शकते, आणि इन्फन्टाइल फायब्रोसार्कोमाही. दोन्ही वरून सारख्या दिसू शकतात. रक्तवाहिन्यांच्या गाठीवर प्रोप्रॅनोलॉल चालतं, आणि त्या औषधाने गाठ जागची हलली नाही तर निदानावरच शंका घ्यायची. या सार्कोमात बहुतेक वेळा ईटीव्ही ६ आणि एनटीआरके ३ ही दोन जनुकं जोडलेली असतात, हे १९९८ पासून माहीत आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत लॅरोट्रेक्टिनिब या औषधाला मान्यता मिळाली, ते थेट या जोडीवर चालतं. पूर्वी काही बाळांचा हात किंवा पाय काढावा लागायचा, आता औषधाने गाठ आकसवून तो वाचवता येऊ शकतो. औषध महाग आहे, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. पण जोड सापडल्याशिवाय त्या औषधाचं नावही कोणी काढणार नाही.

बाकी गाठींसाठी दर महिन्याला एक फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून, त्याच उजेडात. ‘वाढलीय असं वाटतंय’ यापेक्षा हे फोटो डॉक्टरला जास्त सांगतात. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं. २०१३ पासून हा कार्यक्रम चालू आहे आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. पथक आलं की मुलाचा सदरा काढून तो चट्टा दाखवा. ते वजन-उंची घेऊन पुढे सरकतात तेव्हा अंगात स्वेटर असतो, आणि पाठ तशीच राहते.

एका लॅबने एक सांगितलं, दुसरीने दुसरं

असं झालं की घरच्यांना वाटतं, दोघांपैकी एक जण फसवतोय. बहुतेक वेळा एकाला वय आणि जागा कळलेली असते, दुसऱ्याला नसते. किंवा एकाकडे चरबीपर्यंतचा काप असतो. या गाठी इतक्या क्वचित येतात, की एखाद्या जिल्ह्यातल्या पॅथॉलॉजिस्टने त्यातल्या काही जन्मात एकदाच बघितलेल्या असतात. मीही काही स्लाइड मुंबईला, परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी पाठवते. त्यात कमीपणा काही नाही. फिशची सोय प्रत्येक गावात नसते, ब्लॉकच मुंबई-पुण्याला जातो आणि वेळ त्यातच जातो.

दुसरं मत घ्यायचं असेल तर फक्त रिपोर्टची झेरॉक्स नेऊ नका. नवा तुकडा काढायचीही घाई नको. लॅबकडे अर्ज करून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागा. पेशंटला तो मागता येतो, आणि चांगली लॅब नोंद करून, सही घेऊन देते. ब्लॉकवरचा क्रमांक आणि रिपोर्टवरचा क्रमांक एकच आहे ना, तिथेच उभं राहून बघा. सोबत वय, जागा आणि गाठ कधी दिसली ते लिहिलेला कागद, मोजपट्टीचे फोटो, आणि सोनोग्राफी झाली असेल तर तीही. स्लाइड काचेची, तिला जपणं लोकांना सुचतं. ब्लॉक मेणाचा असतो, साधारण ५६ ते ५८ अंशांना ते मेण वितळतं. मे महिन्यात सांगलीहून मुंबईला निघालात, वाटेत कराडला जेवायला थांबलात, तर ब्लॉकची डबी उन्हातल्या गाडीत काचेमागे ठेवून उतरू नका. पिशवीत घालून आपल्याबरोबर आत न्या.